कटकच्या वाटेचा धनी

मनीषनगरात मी राहायला आलो तेव्हा इथे घरांपेक्षा प्लॉटच्या खुंट्याच जास्त होत्या. वर्धा रोडवरून आत वळले की आधी रेल्वेचे फाटक लागे आणि त्यापलीकडे सगळे मोकळे रान. या फाटकाशी मी आयुष्यातले किती तास उभा राहिलो असेन याचा हिशेब ठेवला नाही, ते बरेच झाले. मुंबईकडची गाडी गेली की फाटक उघडेल असे वाटावे, तोच दक्षिणेकडून कोळशाची मालगाडी यावी, तिचे डबे मोजून होईतो तिसऱ्या गाडीची शिट्टी ऐकू यावी. स्कूटरवाले, सायकलवाले, दूधवाले, शाळेची मुले, सगळे एका दांडीच्या अलीकडे. २०२० साली उड्डाणपूल झाला आणि ती दांडी आमच्या आयुष्यातून उठली. पण दांडीच्या अलीकडे ताटकळणाऱ्याचे मन आणि दांडी ज्याच्या हातात आहे त्याचे मन, ही दोन्ही मने तिथे मला पुरेपूर कळली.

त्या फाटकावर माझी एका ओडिया गृहस्थांशी ओळख झाली. रेल्वेतून निवृत्त झालेले, गाव बालेश्वर जिल्ह्यातले, नोकरीच्या निमित्ताने नागपूरला आले आणि इथलेच झाले. एकदा बोलता बोलता मी सहज म्हणालो की आमच्या दुसऱ्या रघूजींच्या काळात कटक आपल्या हातून गेले. त्यांनी शांतपणे विचारले, की आपल्या म्हणजे कोणाच्या? त्यांच्याकडे अजून लहान मुलांना बर्गी येतील म्हणून भीती घालतात. बर्गी म्हणजे आमचे बारगीर. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण त्या दिवसापासून दुसऱ्या रघूजींनी माझा पिच्छा पुरवला.

नागपूरकरांना रघूजी म्हटले की पहिलेच आठवतात. साहजिक आहे. पहिल्या रघूजींची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून विकत घेतली तेव्हा केवढा आनंद झाला! बंगालपर्यंत घोडी नेणारे, सेनासाहेब सुभा म्हणवणारे ते रघूजी. त्यांचा नातू मात्र इतिहासात उतरतीच्या बाजूला उभा राहिला, आणि उतरतीच्या माणसांची तलवार कोणी शोधत नाही. नाव एकच, पण एकाने मिळवले, दुसऱ्याने गमावले, एवढ्यावर दुसऱ्याची बोळवण होते. मला ते तितके सरळ वाटत नाही.

आजोबांनी मिळवले ते काय, हे आधी पाहिले पाहिजे. १७५१ मध्ये बंगालच्या अलिवर्दीखानाने दहा वर्षांच्या स्वाऱ्यांना कंटाळून तह केला. बंगालची चौथ म्हणून सालीना बारा लाख रुपये आणि ओरिसाचा वसूल भोसल्यांना मिळाला, आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडू नये असे ठरले. त्या वेळी हा सौदा निव्वळ वसुलीचा होता. कटक हा एक वसुलीचा सुभा, आणि जगन्नाथाचे क्षेत्र त्यात असल्याने पुण्याचाही सुभा. रस्ता म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते, कारण तो रस्ता कोणाला हवाच नव्हता.

तो हवासा झाला पुढल्या पंधरा वर्षांत. १७६० मध्ये इंग्रज कंपनीच्या हाती मेदिनीपूर आले, म्हणजे सुवर्णरेखेचा उत्तर काठ. १७६५-६६ मध्ये बादशहाकडून आणि निजामाकडून उत्तर सरकारचा प्रदेश मिळाला, म्हणजे चिलका सरोवराखालचे गंजाम. वर बंगाल, खाली मद्रास, दोन्ही कंपनीचे. आणि मधोमध सुमारे तीनशे किलोमीटरची किनारपट्टी नागपूरच्या राजाची. नकाशावर पाहिले तर एका माणसाचे डोके आणि धड आपले, पण मान दुसऱ्याची, असा प्रकार.

समुद्र तर होताच, मग जमिनीच्या वाटेचे एवढे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वाऱ्यात आणि शिपायांच्या धर्मात आहे. ईशान्येचा मोसमी वारा सुरू झाला की मद्रासच्या उघड्या किनाऱ्यावर जहाज उभे करणे म्हणजे ते गमावण्याची तयारी ठेवणे. आणि कंपनीच्या बंगाल फौजेत भरणा होता तो उत्तर हिंदुस्थानातल्या ब्राह्मण-रजपूत शिपायांचा. काळे पाणी ओलांडायला त्यांची तयारी नसे. मद्रासला हैदर अथवा टिपूने कोंडले की बंगालमधून कुमक पाठवायची ती पायीच. टपालाचे हरकारेही याच वाटेने. बुढाबलंग, वैतरणी, ब्राह्मणी, महानदी अशा नद्यांच्या नावा, उतार, नाकी सगळी कटकच्या मराठा सुभेदाराच्या हुकमातली. क्लाइव्हने १७६६ साली टॉमस मॉट नावाच्या एका इंग्रजाला संबळपूरच्या हिऱ्यांच्या खाणी पाहायला म्हणून पाठवले, तेव्हा हिऱ्यांइतकाच कटकच्या बाबतीत मराठ्यांचे मन काय आहे हे चाचपण्याचाही उद्देश होता. जानोजी भोसल्यांचे उत्तर ठरलेले असे: आधी थकलेली चौथ, मग बाकीचे बोलणे. कंपनी चौथ बुडवत राहिली, नागपूर तगादा लावत राहिले, आणि वाट तशीच राहिली.

या पेचात रघूजींचा जन्म झाला असे म्हणायला हरकत नाही. जानोजींना मूल नव्हते. त्यांनी भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघूजी यास वारस ठरवले आणि १७७२ मध्ये ते वारले. मग जे घडले ते भाऊबंदकीच्या कुठल्याही मराठी घराला परके वाटू नये. मुधोजी एकीकडे, त्यांचे भाऊ साबाजी आणि जानोजींच्या पत्नी दर्याबाई दुसरीकडे. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगाव येथे लढाई झाली. लढाई मुधोजींच्या हातून जात आली होती, तोच साबाजी हत्तीवरून चाल करून आले आणि मुधोजींनी स्वतः गोळी झाडून भावाला ठार केले. उमरेड रोडने जाताना पाचगाव लागते. मी दर वेळी तिकडे पाहतो, दिसत काहीच नाही. रघूजी तेव्हा अल्पवयीन होते. चुलत्याच्या रक्तावर आपली गादी उभी आहे हे ज्ञान ज्या मुलाला होते, तो पुढे संशयी आणि सावध झाला, तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही.

सावधपणाचा धडा त्यांना वडिलांकडून मिळाला. १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जला पुणेकरांविरुद्ध नागपूर आपल्या बाजूला हवे होते. त्याने अलेक्झांडर एलियट या अगदी तरुण अधिकाऱ्याला नागपूरला धाडले. तो छत्तीसगडात सारंगगडजवळ तापाने गेला. त्याच सुमारास बंगालमधून निघालेली इंग्रज फौज मुंबईकडे जाण्यासाठी नर्मदेच्या काठी येऊन थांबली होती आणि तिचे डोळे नागपूरच्या कौलाकडे लागले होते. मुधोजींनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या बाजूने नाना फडणीस, निजाम आणि हैदर यांच्या चौकडीतही ते सामील झाले. चौकडीत नागपूरच्या वाट्याला काम आले ते बंगालवर चालून जाण्याचे. रघूजींचे धाकटे भाऊ खंडोजी ऊर्फ चिमणाबापू मोठी घोडदौड घेऊन निघाले, आणि ते इतक्या सावकाश गेले की नागपूरहून कटकला पोचायला त्यांना सात महिने लागले. तिथे ते बसून राहिले. हेस्टिंग्जने पैसे पोचते केले. जानेवारी १७८१ मध्ये कर्नल पिअर्स पाच पलटणी घेऊन मेदिनीपूरहून निघाला आणि मराठ्यांच्या त्याच मुलखातून मद्रासच्या मदतीला गेला. बंगाल बुडवायला आलेली फौज कडेला उभी, आणि बंगालची फौज समोरून चाललेली! पुढे गंजामला पिअर्सच्या शिपायांत पटकीची साथ पसरली, ते वेगळे. नागपूरच्या दृष्टीने सौदा झकास झाला होता. पैसेही मिळाले, सुभाही राहिला, आणि कोणाशी लढावे लागले नाही.

फाटकावरची दांडी उचलण्याचे मोल मिळते, ही चटक तेव्हा लागली असावी. दांडी उचलायची म्हणजे पलीकडच्याला वाट दाखवायचीही, हे मात्र कोणी लक्षात घेतले नाही. पिअर्सच्या पलटणी गेल्या तेव्हा नुसते शिपाई गेले नाहीत. कुठल्या नदीला कुठे उतार, कुठे दाणावैरण मिळते, बाराबाटीच्या किल्ल्याचा खंदक किती रुंद, हे सगळे त्यांच्याबरोबर गेले आणि ती माणसे १७८४-८५ मध्ये त्याच वाटेने परतलीही.

१७८८ मध्ये मुधोजी वारले आणि रघूजी खऱ्या अर्थाने राजे झाले. तोपर्यंत ते पुणे पाहून आले होते, बदामीच्या मोहिमेत हजर राहिले होते. कॉर्नवॉलिसने लागलीच जॉर्ज फॉर्स्टर याला नागपुरी पाठवले. हा माणूस असामान्य होता. बंगालहून काश्मीर, अफगाणिस्तान, रशिया असा खुष्कीने प्रवास करत तो मायदेशी पोचला होता. वाटांची पारख असलेला माणूस वाटेच्या धन्याकडे वकील म्हणून यावा, यात कंपनीचा हेतू उघड आहे. १७९० मध्ये टिपूवर चढाई करायची म्हणून पुन्हा बंगालच्या पलटणी मद्रासला न्यायच्या होत्या. रघूजींनी वाट दिली आणि कर्नल कॉकरेलच्या हाताखाली फौज कटकवरून सुखरूप गेली. त्याच वर्षी लेकी नावाचा एक इंग्रज कलकत्त्याहून कटकमार्गे नागपूरपर्यंत आला आणि त्याने मजल-दरमजल रोजनिशी लिहून ठेवली. ती छापली गेली. आपल्या बाजूने कोणी कलकत्त्यापर्यंतची रोजनिशी अशी लिहून छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतरची दहा वर्षे रघूजींच्या भरभराटीची. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचा पाडाव झाला, त्यात नागपूरची फौज आघाडीवर होती. होशंगाबाद, चौरागड, मंडला असा मुलूख जोडला गेला. राज्य आजोबांच्याही काळी नव्हते एवढे पसरले. बंगालच्या उपसागरापासून वऱ्हाडापर्यंत एकच धनी. या वेळी रघूजींनी कटकच्या वाटेचे काय केले? काही नाही, हेच त्याचे उत्तर. सुभेदार नेमले, वसूल आणला, जगन्नाथाच्या यात्रेकरूंवर कर बसवला, देवळाला नेमणुका दिल्या. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर आला तो मराठ्यांच्याच अमलात. पण बाराबाटीत दमदार फौज नाही, बालेश्वरच्या बंदरावर तोफखाना नाही, आणि नागपूरहून कटकपर्यंत महानदीच्या खोऱ्यातून बरमूळच्या खिंडीने जी एकच वाट जात होती तिच्यावर चौक्यांची साखळीही नाही. मधले गडजातचे राजे खंडणी देत ते नाइलाजाने. राज्य होते, पण त्याला जोडणारा धागा विणलेला नव्हता. माझ्या मते रघूजींची खरी चूक असईला झाली नाही. ती या निवांत दहा वर्षांत झाली.

१७९९ मध्ये कोलब्रुक आला. संस्कृतचा प्रकांड पंडित म्हणून पुढे गाजलेला हाच तो कोलब्रुक. रघूजींना कंपनीच्या तैनाती फौजेच्या करारात ओढावे, ही त्याची कामगिरी. दोन वर्षे रघूजींनी त्याचा पाहुणचार केला आणि पदरात काही टाकले नाही. तैनाती फौज म्हणजे घरात बसवलेला पहारेकरी, आणि तो घरधन्यावरच पहारा करतो, हे त्यांनी निजामाकडे पाहून ओळखले होते. हे ओळखणारे त्या काळी फार थोडे होते. बाजीरावाने तर १८०२ च्या अखेरीस वसईला स्वतः होऊन ते गळ्यात बांधून घेतले.

वसईच्या तहानंतर रघूजी शिंद्यांना जाऊन मिळाले. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध जुंपले. आपण मराठी माणसे या युद्धाचे वर्णन असईपासून सुरू करतो. २३ सप्टेंबर, केळणा आणि जुई नद्यांच्या मधली ती कत्तल, आणि रणातून लवकर निघून गेलेले रघूजी. पण असईच्या आधी पाच दिवस, १८ सप्टेंबरला, गंजामहून निघालेला कर्नल हारकोर्ट पुरीत शिरला होता. देवळाला धक्का लावायचा नाही असा त्याला गव्हर्नर जनरल वेलस्लीचा सक्त हुकूम होता आणि तो त्याने पाळला. तीनच दिवसांनी बालेश्वर समुद्राच्या बाजूने पडले. १४ ऑक्टोबरला बाराबाटीचा दरवाजा तोफेने फोडला गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीस बरमूळची खिंड गेली, म्हणजे नागपूरहून मदत यायची वाटच बुजली. सगळा मिळून दीड-दोन महिन्यांचा कारभार. पिअर्स आणि कॉकरेल यांना ज्या वाटेने जाऊ दिले, तीच वाट आता मोजून मापून घेतली गेली.

इकडे २९ नोव्हेंबरला अडगावला रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी वऱ्हाडातल्या देवगावी तह झाला. रघूजींच्या बाजूने बोलणी यशवंतराव रामचंद्र यांनी केली, समोर आर्थर वेलस्ली. बालेश्वर बंदरासह कटक कंपनीला, वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाला. आमच्या मनीषनगरवरून जाणारी मुंबईची गाडी पुलगावच्या पुढे वर्धा ओलांडते, तिथे त्या दिवसापासून रघूजींची पश्चिम सीमा आली. पूर्वेचा समुद्र कायमचा मिटला.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कंपनीला या युद्धात रघूजींकडून सगळे राज्य घेता आले असते का, हा वाद राहू द्या. तिने मागितले ते नेमके मानेएवढे. बंगाल आणि मद्रास जोडून झाले, बाकीचे राज्य नंतर पाहता येईल.

हल्ली वर्तमानपत्रांत झांगेझूर हे नाव वाचले की मला हटकून देवगाव आठवते. अझरबैजानचा एक तुकडा, नखचिवान, मुख्य देशापासून तुटलेला. मध्ये आर्मेनियाचा स्युनिक प्रांत, चाळीसेक किलोमीटरची पट्टी. २०२० च्या युद्धानंतर अझरबैजान म्हणते वाट द्या, आर्मेनिया म्हणते वाट देऊ पण ती आमच्या कायद्याखाली राहील. शेजारचा इराण डोळे वटारतो, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला जो समझोता झाला त्यात त्या वाटेला चक्क अमेरिकेच्या अध्यक्षांचे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडला समुद्रापर्यंत जी पट्टी दिली, तिने जर्मनीचे दोन भाग झाले आणि १९३९ ला त्याच निमित्ताने तोफा धडाडल्या. वाट मागणारा नेहमी म्हणतो की मला फक्त जायचे आहे. ते खोटेही नसते. पण कोणाच्या हुकमाने जायचे हा प्रश्न उरतोच, आणि तिथे देणाऱ्याची ताकद मोजली जाते. आर्मेनियाच्या पाठीशी निदान दोन-चार राष्ट्रांची कुजबुज तरी आहे. रघूजींच्या पाठीशी उभे होते ते शिंदे, तेही असईच्या चिखलात.

तहानंतरचे रघूजी मला अधिक जवळचे वाटतात. संबळपूर आणि पाटणा ही संस्थाने तहात नव्हती, तरी तिथल्या राजांशी आधीच करारमदार झाले आहेत असे सांगून कंपनीने ती दाबून ठेवली. ही शुद्ध लबाडी होती. रघूजींनी हेका सोडला नाही. दरबारात रेसिडेंट म्हणून बसलेल्या एल्फिन्स्टनला ते वारंवार तेच विचारत राहिले. १८०६ मध्ये ती परत मिळाली. गेलेल्या समुद्राच्या मानाने ती डोंगराळ संस्थाने म्हणजे काहीच नव्हते. पण ज्या माणसाला तीस वर्षे वाट पाहायला लावणे हेच राजकारण वाटत आले, त्याने पहिल्यांदाच कंपनीला एका कागदावर अडवून धरले.

उत्पन्न घटले, फौज मात्र पोसायची होती. मग रघूजी दमडीदमडीचा हिशेब पाहू लागले, धान्याच्या व्यापारात आणि सावकारीत उतरले, प्रजेवर पट्ट्या बसवल्या. लोकांनी त्यांना बडा बनिया म्हणायला सुरुवात केली आणि गॅझेटिअरांनी ते नाव अमर केले. आपण हे सारे वाचतो ते मुख्यत्वे जेंकिन्सच्या अहवालातून, आणि जेंकिन्स हा जिंकलेल्या बाजूचा रेसिडेंट, एवढे भान असावे. तरी रयतेची पिळवणूक झाली हे खोटे नाही. तिच्यावरचे पांघरूण मी ओढणार नाही. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी नागपूरची उपनगरे जाळली आणि राजाला ती वाचवता आली नाहीत, हेही खरे. इतके होऊनही, आणि कंपनीने किती वेळा सुचवले तरी, तैनाती फौजेच्या करारावर रघूजींनी सही केली नाही. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले, तोवर नाही. तीन महिन्यांच्या आत पुतणे अप्पासाहेबांनी ती केली. पुढे सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८५३-५४ मध्ये राज्य खालसा झाले. रघूजींच्या पत्नी बाकाबाई हे सगळे डोळ्यांनी पाहायला १८५८ पर्यंत जिवंत होत्या. जडजवाहिराचे लिलावसुद्धा त्यांनी पाहिले.

कंपनीने मात्र वाट हाती येताच रस्ता बांधायला घेतला. कलकत्त्याच्या एका धनिकाने दीड लाख रुपये दिले आणि पुढच्या काही वर्षांत जगन्नाथाची नवी सडक झाली. १८९० नंतरच्या दशकात तिच्या सोबतीने रुळ आले. आज कोरोमंडल एक्स्प्रेस बंगालमधून निघून सुवर्णरेखा ओलांडते, बालेश्वर, कटक करत मद्रासला जाते, ती बहुतेक पिअर्सच्याच मागाने.

मध्यंतरी आमचे ते ओडिया शेजारी गावी जायला निघाले, तेव्हा मी त्यांना बाराबाटी पाहून या म्हणून गळ घातली. मराठ्यांची एखादी खूण सापडते का तेही पाहा म्हटले. महिन्याने परतले ते छेनापोड घेऊन आले. किल्ल्याचा खंदक आहे, एक दरवाजा उभा आहे, आत मुले खेळतात. तिथल्या लोकांनी गंगवंशी राजांची नावे सांगितली, इंग्रजांची सांगितली. मधल्या पन्नास वर्षांविषयी विचारले तेव्हा एक म्हातारा म्हणे थोडा वेळ आठवत राहिला आणि मग त्याने बर्ग्यांचे नाव घेतले. रघूजी कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. शेजाऱ्यांनी ते त्याला सांगितले का, असे मी विचारले. ते म्हणाले, सांगायला गेलो, पण गाडीची वेळ झाली होती.